धडा झाला

डबा घरूनच नेलेला होता. पत्र्याचा, झाकणाला पोचा आलेला, बायकोने दहादा टाकून द्यायला काढलेला आणि त्याने दहादा परत आणून फडताळात ठेवलेला. कोपऱ्यावरच्या दुकानात साखर सुटी मिळते म्हणून रविवारी सकाळी तो हाच डबा घेऊन जायचा. दुकान चालवणारी बाई तोंडाने फटकळ पण हाताने चपळ. तिने डबा काट्यावर ठेवला, एक बटण दाबलं, साखर ओतली आणि लाल आकडे थांबल्यावर एक किलो म्हणून डबा पुढे सरकवला. त्याने सवयीने सांगितलं, डब्याचं वजन वजा करा. जन्मभर वजाबाक्याच केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! बाई म्हणाली, "काका, डब्याचा धडा झाला मघाशीच. आता परत वजा केलंत तर साखर आहे त्याहून कमी भरेल." मागे उभे असलेले एक गृहस्थ हसले. तोही हसला, डबा पिशवीत घातला, बाहेर आला, आणि फुटपाथवर चार पावलं टाकल्यावर त्याला पुढे जाववेना. न्हाव्याच्या दुकानाच्या काचेला पाठ टेकून तो उभा राहिला. आतून न्हाव्याने विचारलं, बरं वाटत नाही का, बसता का. त्याने मानेनेच नको म्हटलं.

धडा हा शब्द त्याने अकरा वर्षांत ऐकला नव्हता. शाळेच्या पुस्तकातला धडा ऐकला होता, कुणी कुणाला शिकवतो तो धडाही ऐकला होता. पण तराजूवरचा धडा, म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन मालाच्या वजनात धरलं जाऊ नये म्हणून आधीच फेडून टाकायचं, हा अर्थ त्याला एकाच माणसाने शिकवला होता. त्या माणसाला प्रयोगशाळेत सगळे दुकानदार म्हणत. वडिलांचं किराणामालाचं दुकान होतं, लहानपण पोत्यांवर बसून गेलेलं, आणि पुढे पदार्थविज्ञानात एवढं शिकूनही त्याच्या तोंडचं दुकान काही सुटलं नाही. मोजमाप चुकलं की तो म्हणायचा, माप मारलं. आलेखातला एखादा ठिपका उगीच वर गेला की म्हणायचा, ह्याच्यात खडे आहेत, चाळून घ्या. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्याला ते आवडायचं. नवीन मुलं आली की स्वतःच पुढे होऊन सांगायचा, मी दुकानदार, उधारी बंद आहे. वयाने दुकानदार त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर, दोघांनी बावीस वर्षं काढली होती. बावीस वर्षं एकाच किटलीतला चहा, एकमेकांच्या खोकल्याची सवय, आणि मुलांच्या आजारपणापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळ्याच्या चौकश्या.

ते दोघं न्यूट्रॉन मोजत. म्हणजे लोकांना सांगायला तसं. खरं तर न्यूट्रॉन कुणालाच मोजता येत नाही. प्रोटॉनचं सोपं असतं. द्रवरूप हायड्रोजन डब्यात भरायचा (तिथेही डबाच म्हणत, ॲल्युमिनियमचा, कागदाइतक्या पातळ भिंतींचा), त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि ते इलेक्ट्रॉन आपटून कुठे उडतात, किती दमून उडतात ते बघत बसायचं. त्यावरून कळतं की प्रोटॉनच्या आतल्या ज्या क्वार्कला धक्का बसला, त्याच्या वाट्याला सगळ्या संवेगातला किती भाग आला होता. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क आणि एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये उलटं. प्रश्न साधाच होता: एकटाच एखादा क्वार्क जेव्हा जवळजवळ सगळा भार ओढतो, तेव्हा ओढणारा कोण असतो, अप की डाऊन? तो सोडवायला न्यूट्रॉनही तसाच बघावा लागतो. पण न्यूट्रॉन एकटा पाव तासात मोडून जातो, तो कुणाच्या डब्यात भरून मिळत नाही. मग जड हायड्रोजन आणायचा, ज्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडीने नांदतात. जोडी मोजायची, त्यातून प्रोटॉन वजा करायचा, उरेल तो न्यूट्रॉन. आणि त्याच्याही आधी डब्याच्या भिंती वजा करायच्या, कारण इलेक्ट्रॉन भिंतींवरही आपटतात. त्यासाठी रिकामा डबा झोतासमोर धरून वेगळा मोजायचा. ह्याला सगळं जग काहीतरी लांबलचक म्हणतं. त्यांच्या खोलीत त्याला धडा म्हणत.

आणि प्रयोगाच्या नोंदवहीत, जड हायड्रोजनच्या पानावर, दुकानदाराच्या बारीक तिरप्या अक्षरात दोनच शब्द होते. धडा झाला.

काय झाला? मोजून झाला की वजा करून झाला? न्हाव्याच्या काचेला टेकून उभं असताना त्याला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, उजव्या कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट. त्याने तेव्हा वाचलं होतं: रिकामा डबा मोजून झाला. म्हणजे वजाबाकी अजून व्हायचीय. म्हणून त्याने केली. हायड्रोजनचं सगळं काम त्याच्याकडे होतं, तिथे त्याने धडा एकदाच वजा केला. जड हायड्रोजनचे आकडे दुकानदाराकडून आले, तिथेही केला. उत्तर आलं ते छानच आलं. न्यूट्रॉनचा वाटा टोकाला, म्हणजे एकटा क्वार्क सगळा भार ओढतो तिथे, अगदी उतरलेला, इतका की एका जुन्या, देखण्या सिद्धांताने सांगितलेल्या आकड्याला जाऊन चिकटलेला. लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा आकडा वर येत होता, पण त्यांची चूक मोठी असेल असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. त्याला परदेशी बोलावणी आली, हातात गुच्छ घेतलेले फोटो निघाले. आता वाटतं, त्या गुच्छातल्या फुलांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं.

दुकानदार एकटाच म्हणाला होता, हे कमी भरतंय. छापायला पाठवायच्या आधीची ती बैठक. बारा-चौदा माणसं, खोलीतल्या यंत्राची घरघर, खिडकीचा अडकलेला पडदा. तो म्हणाला, कुठेतरी दोनदा वजा झालंय बहुतेक, एकदा बघून घेऊ. बघायला किती वेळ लागला असता? एक दुपार. पण त्याने दुकानदारासमोरच वही वर धरली आणि सगळ्यांना ते पान दाखवलं. हे तुमचंच अक्षर ना? हो. धडा झाला, म्हणजे मोजून झाला, बरोबर? दुकानदार म्हणाला, मला वाटतं, वजा करून झाला. वाटतं की खात्री आहे? खोटं बोलणं दुकानदाराच्या स्वभावातच नव्हतं. ज्याची शंभर टक्के खात्री नाही त्याला तो खात्री म्हणत नसे, हे त्याला, समोरच्या टेबलावरच्या माणसाला, बावीस वर्षं ठाऊक होतं. म्हणून तर तसा प्रश्न विचारला. दुकानदार म्हणाला, तीन वर्षं झाली, खात्रीने कसं सांगू? आणि मग तो दुकानदाराला बोलला ते वाक्य, ज्यावर सगळे हसले: "मग राहू द्या. इथे दुकान चालत नाही, अंदाजपंचे द्यायला." दुकानदारही हसला. हसताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःहून लेखावरून नाव काढून घेतलं, आणि वर्षभरात मुदतीआधी निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्याने छोटंसं भाषण केलं आणि सगळ्यांचे आभार मानले. समोरचं टेबल रिकामं झालं, तेव्हा खोलीत किती उजेड येतो हे पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि बायकोला सांगितलं की ऑफिसात जाऊन येतो. रविवारी? तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. प्रयोगशाळेत पहारेकऱ्याने सही घेतली. लिफ्ट बंद होती. जुन्या फायलींच्या टेप कुठल्या कपाटात आहेत हे त्याला शोधावं लागलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. माणूस विसरला असता तर शोधत बसला असता. फायली नव्या यंत्रावर उघडायला तासभर गेला. मग त्याने साधीच गोष्ट केली: इलेक्ट्रॉन डब्यात नक्की कुठे आपटले त्याचा आलेख काढला. डबा भरलेला असला की मध्ये सपाट पठार दिसतं आणि दोन्ही टोकांना, जिथे भिंती असतात तिथे, दोन शिंगं वर येतात. हायड्रोजनच्या फायलीत शिंगं होती, ठसठशीत. जड हायड्रोजनच्या फायलीत पठार होतं, आणि टोकांना काही नव्हतं. शिंगं कुणीतरी आधीच छाटलेली. म्हणजे दुकानदाराने धडा वजा करूनच माल पुढे पाठवला होता, चोख, जसा तो सगळं करायचा तसा. मग त्याने आपली स्वतःची, अकरा वर्षांपूर्वीची शेवटची आकृती काढली. शिंगांच्या जागी दोन खड्डे होते, शून्याच्याही खाली गेलेले.

हे खड्डे त्याने पाहिले होते. खुर्चीत बसल्या बसल्या ते त्याला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलाच कधी होता! त्या दिवसांत एका दुपारी हे दोन खड्डे पडद्यावर आले होते, आणि त्याने स्वतःला समजावलं होतं की टोकांना यंत्राची नजर अधू असते, तिथलं धरायचं नसतं. त्याने आलेखाच्या कडा कापल्या. कडा कापल्या की आकृती देखणी दिसत होती. भिंतींची गळती मधल्या पठारात यायचीच, म्हणजे तिथूनही ती दोनदा वजा झालेली, आणि एकटा क्वार्क सगळा भार ओढतो त्या मोजक्या घटनांमध्ये, जिथे महिनाभरात शंभरसुद्धा भरत नाहीत, तेवढ्याने न्यूट्रॉनचा जीवच जायचा. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता आलं असतं. पण आकडा आवडला होता. लबाडी म्हणावी तर लबाडी केली नव्हती. नुसता काणाडोळा केला होता, आणि एकदा केल्यावर तो निभावत नेला होता. एकच शब्द दोन तऱ्हांनी वाचता येतो ह्याच्याआड तो अकरा वर्षं लपून बसला होता. संध्याकाळ झाली तरी त्याने दिवा लावला नाही. दोन आकृत्या छापल्या, घडी घातली, खिशात ठेवल्या.

बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. क्वार्कचं तिला काही कळत नव्हतं, पण तो वहीचा भाग तिला एका दमात कळला. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." त्याने नाही म्हटलं, मग म्हटलं तसं नाही. ती उठून आत गेली. सोमवारी सकाळी त्याने आपल्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. गट आता तीच चालवत होती, तिचा प्रबंध त्याच आकड्यावर उभा होता. ती कोरड्या आवाजात म्हणाली की लेख मागे घ्यावा लागेल, तिचाही, आणि फायली आजच पाठवा. तिने दोष दिला नाही. तिला कामाचंच बोलायचं होतं. फोन ठेवल्यावर त्याला एक विचित्र हलकेपणा वाटला, आणि त्या हलकेपणाची लगेच लाजही वाटली, कारण ज्याला पहिलं सांगायला हवं होतं त्याला सांगितलंच नव्हतं. लेखाचं काय, लेख मागे घेता येतो. दुकानदाराला जाऊन सांगायचं होतं की तुम्ही बरोबर होतात. एवढं एकच काम उरलं होतं, आणि त्यालाही वेळ उरला आहे की नाही ह्याची भीती होती. वर्षापूर्वी प्रयोगशाळेतला जुना मेकॅनिक भेटला तेव्हा म्हणाला होता, दुकानदाराचं डोकं आता साथ देत नाही, मलाच त्यांनी दोनदा नाव विचारलं.

बस शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते, पाऊण तास लागतो. दुपारची वेळ, बसमध्ये सात-आठच माणसं. खिडकीला डोकं टेकून त्याने बोलायचं ते मनात जुळवायला घेतलं आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन तो अडत होता. तो फोन. नऊ वर्षं झाली असतील. दुकानदाराच्या बायकोने केला होता, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा दबक्या आवाजात. वहिनी म्हणाल्या होत्या, हे सारखं तेच तेच घेऊन बसतात, कागद मांडतात, जेवत नाहीत. तुम्ही एवढी वर्षं शेजारी बसलात, खरं काय ते मला सांगा, ह्यांचंच चुकलं होतं का? तेव्हा त्याच्यासमोर पाहुणे बसले होते. त्याने घाईघाईत, पण शक्य तितक्या मायेने सांगितलं होतं, हो वहिनी, वय झालं की होतं असं, त्यांना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. मायेने! बस खड्ड्यातून गेली आणि डोकं काचेवर आपटलं. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने विचारलं, लागलं का. तो नाही म्हणाला. उतरायचा थांबा येऊन गेला होता, त्याला एक थांबा मागे चालत यावं लागलं.

चौथ्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले, पण ओळखलं त्यांनी लगेच. या भाऊजी, म्हणाल्या, इतक्या वर्षांनी वाट चुकलात, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता. आतल्या खोलीकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. कधी ओळखतात, कधी नाही. ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मधली वर्षं फार वाईट गेली, भिंतीशी बोलायचे, उठता बसता एकच, दोनदा, दोनदा. शेवटी एकदाचं मान्य केलं त्यांनी की आपलंच चुकलं, आणि तेव्हापासून झोप लागते. आता शांत आहेत, वहिनी म्हणाल्या, एवढं मात्र देवाने दिलं. तो चपला काढत होता. चपलेचा पट्टा त्याच्या बोटांना सापडेना.

दुकानदार खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. स्वेटरची बटणं एकेक घर सोडून लावलेली. अंग निम्मं झालेलं, पण मान वळवायची तऱ्हा तीच. त्याला बघून तो ओळखीचं हसला, नावानिशी हाक मारली, आणि हाताने बस म्हणाला. त्याला एकदम हायसं वाटलं. वाटलं, वेळेत आलो. खुर्ची ओढून तो समोर बसला, त्या खोलीत बसायचे तितक्याच अंतरावर. घडी केलेले कागद काढायला त्याने खिशात हात घातला, पण दुकानदारच आधी बोलला.

"बरं झालं आलास. तुझी माफी मागायची राहिली होती माझी. ते दोनदा वगैरे काही झालं नव्हतं. माझंच डोकं तेव्हा नीट चालत नव्हतं, आणि मी सगळ्यांसमोर तुला अडचणीत आणलं."

"नाही," तो म्हणाला. "नाही, दुकानदार. दोनदाच वजा झालं होतं. मी काल बघितलं. तुम्ही बरोबर होतात. चूक माझी होती, आणि मला तेव्हाच दिसली होती."

त्याने कागद दुकानदाराच्या मांडीवर उलगडले. शिंगं इथे नाहीत, बघा, म्हणजे तुम्ही धडा आधीच वजा केला होता; आणि हे माझं, हे खड्डे. दुकानदाराने कागद डोळ्यांजवळ धरला. अंगठ्याचं नख एका खड्ड्यावरून, मग दुसऱ्यावरून, सावकाश फिरवलं, आणि दोन क्षण त्याच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली, गिऱ्हाइकाने खोटं नाणं दिल्यावर पडावी तशी. समोर बसून तो वाट बघत राहिला. शिवी द्यावी ह्या माणसाने, कागद तोंडावर फेकावा, काहीही. मग आठी विरली. दुकानदाराने कागदाची पूर्वीसारखी घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि वर आपला हात ठेवून थोपटलं.

"तू पहिल्यापासून मनाने मोठा," तो म्हणाला. "म्हाताऱ्याच्या समाधानासाठी एवढं सगळं करून आणलंस. पण नको. माझं चुकलं ते चुकलं. आता मला त्याचं काही वाटत नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. शब्द बदलून, हळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दुकानदार मान हलवत ऐकत होता, आवाजाकडे लक्ष असावं आणि अर्थाकडे नसावं तसा. मग खिडकीबाहेर समोरच्या गच्चीत कुणी चादर झटकत होतं, तिकडे त्याचं लक्ष गेलं. चादर झटकून झाली, गच्चीचं दार लागलं. दुकानदाराने मान वळवली, त्याला बघितलं, तेच ओळखीचं हसला, आणि म्हणाला की बरं झालं आलास, तुझी माफी मागायची राहिली होती माझी.

मागे पाण्याचे पेले वाजले. वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्या कधीपासून उभ्या होत्या हे त्याला माहीत नव्हतं. त्या आत आल्या, ट्रे पलंगावरच ठेवला, आणि त्याच्या हातातले कागद मागून घेतले. उघडून बघितले. त्यात त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. तरी त्या बघत राहिल्या, एक कागद वर, एक खाली, मग पुन्हा उलटसुलट.

"खरं सांगताय?" त्यांनी विचारलं. "की ह्यांना बरं वाटावं म्हणून?"

"खरं आहे, वहिनी."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. दुकानदार त्यांच्याकडे बघून हसला, पाहुण्यांना पाणी दे म्हणाला. त्यांनी पेला उचलला, पण तो देण्याऐवजी स्वतःच्याच मांडीवर धरून ठेवला.

"मी फोन केला होता तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी ह्यांच्या मागे लागले. ऐकत नव्हते. रडले माझ्यापुढे. चूक ह्यांचीच होती, हे ह्यांना पटवायला मला चार वर्षं लागली, भाऊजी."